बेचाळीस मिनिटं

चिकूची एक पेटी पाठवायची होती. बस, एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे असं तुम्ही विचाराल, आणि त्या शनिवारी सकाळी आत्माराम सावे यांनाही तसंच वाटत होतं. बोईसरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं डिस्पॅच सांभाळलेला माणूस. लुधियाना म्हणू नका, तुतिकोरिन म्हणू नका, ट्रकच्या ट्रक रवाना केलेले. 'गाडी बुधवारी पावणेचारला लागेल' असं सावे बोलले की तिकडची पार्टी पावणेचारला गेट उघडून उभी. अशा माणसाला एक पुठ्ठ्याची पेटी म्हणजे काय हो? हातचा मळ!

पेटी जायची होती मेचुकाला. मेचुका कुठे आहे हे अख्ख्या तारापुरात फक्त आत्मारामभाऊंना ठाऊक होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. अरुणाचलात, पार वरती, चीनच्या हद्दीजवळ. तिथल्या बँकेच्या शाखेत त्यांची एकुलती एक लेक समिधा अधिकारी होती. बदली करताना बँक 'दोनच वर्षं' म्हणाली होती, पण बँकेची दोन वर्षं तुमच्याआमच्या दोन वर्षांपेक्षा लांब असतात. येत्या गुरुवारी समिधाला तीस वर्षं पूर्ण होणार होती. स्वयंपाकघरामागचं चिकूचं झाडही तेवढ्याच वयाचं. आत्मारामभाऊंच्या बायकोने, शालूने, लेकीच्या बारशाच्या आठवड्यात ते लावलं होतं. वाढदिवसाला केकबिक नंतर आले. आधी त्या झाडाचा चिकू, शालूने सोलून, बिया काढून, बशीत मांडलेला.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं चिकूचं वाटेल.

गेल्या आषाढात शालू गेली. मंगळवारी सकाळी सहाला, ध्यानीमनी नसताना. समिधाचा फोन लागता लागेना. शेवटी तिच्या मॅनेजरकडून निरोप गेला. ती निघाल्याचं कळलं आणि पुन्हा फोन बंद. मग आत्मारामभाऊंनी काय केलं? जे आयुष्यभर केलं तेच केलं. हिशेब मांडला. इंटरनेटवर एक पान मिळालं. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घाला, अंतर आणि वेळ हजर. मेचुका ते पासीघाट, दोन्ही एवढीएवढीशी विमानतळं, पण पानाला दोन्ही माहीत! एकशे तेहतीस किलोमीटर. म्हणजे आपलं बोईसर ते नवसारी. विमानाने बेचाळीस मिनिटं. पासीघाटहून गुवाहाटी, गुवाहाटीहून मुंबई. मधे थांबायचे तास धरले, मुंबईहून तारापूर धरलं, आणि अंगणात जमलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, "बुधवारी दुपारी दोनला समिधा दारात असेल. तोपर्यंत कुणी घाई करायची नाही."

सावे बोलले म्हणजे बोलले. माणसं थांबली. बुधवारी दोन वाजता सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. चार वाजता म्हाताऱ्या मंडळींनी खाकरायला सुरुवात केली. सहाला कुणीतरी आत्मारामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि शालूला नेलं.

समिधा आली शुक्रवारी दुपारी. एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात वेगळीच. आत्मारामभाऊंनी पायांकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. आणि बाराव्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, त्यांनी ते पान उघडून मोबाइल तिच्यासमोर धरला. "बेचाळीस मिनिटं, समिधा. बेचाळीस! तुझ्या आईला मी छत्तीस तास थांबवून ठेवलं." तिने पडद्यावरचं वाचलं, "हो बाबा," म्हणाली, आणि आत गेली. तेराव्यानंतर ती परत गेली ती गेलीच.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला फोन. दहा मिनिटं. जेवलात का, गोळी घेतली का, इकडे थंडी आहे, तिकडे काय. नऊ महिने झाले. कधी येणार ते ती सांगत नव्हती, आणि हे विचारत नव्हते. कारण सावे बरोबर होते ना! हिशेब बरोबर होता. पण बरोबर असलेला माणूस घरात एकटा बसला की कसा दिसतो, ते त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघायला हवं होतं. सवयीने दोन कप चहा टाकायचा आणि दोन्ही आपणच प्यायचे. कुकरला 'झाली हं तिसरी' म्हणून सांगायचं. विमा विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तर तिला त्यांनी वीस मिनिटं धरून ठेवलं, तिचं गाव विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं, शेवटी तिनेच कंटाळून फोन ठेवला. विमा विकणारीने!

तर पेटीमागचा उघड हेतू वाढदिवस. आतला हेतू असा, की पेटी चार दिवसांत मेचुकाला लावून दाखवायची आणि काही न बोलता सिद्ध करायचं, की बघ, येता येतं. आणि त्याच्याही आत एक हेतू होता. पेटी मिळाली की समिधा रविवार सोडून भलत्याच वारी फोन करील. हा हेतू मात्र आत्मारामभाऊंनी स्वतःलाही सांगितला नव्हता.

आधी कुरियर. बोईसरला त्यांनी तीन कुरियरवाले पालथे घातले. पहिल्याकडे पोराने पिनकोड टाकला, कॉम्प्युटरने विचार केला, आणि लाल झाला. "काका, ये जगह सिस्टम में नहीं है." "अरे, माझी मुलगी तिथे राहते!" "होगी काका, लेकिन सिस्टम में नहीं है." दुसरा म्हणाला, गुवाहाटीपर्यंत देतो, पुढे तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्याने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "अंदर क्या है? लिक्विड तो नहीं?" आत्मारामभाऊ म्हणाले, "आज नाही. पुढच्या शनिवारी विचारलंत तर सांगता येणार नाही." त्याने फॉर्म परत घेतला. विनोद करायची ती जागा नव्हती.

कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, चिकू मेणात बुडवून पाठवा. एकजण म्हणाला, चिकूच कशाला, तिकडे सफरचंदं मिळतात. अहो, सफरचंद मिळतं म्हणून कुणी चिकू विसरतं का? आत्मारामभाऊ तिथून उठले.

शेवटी सुटका केली काशीबाईने. काशीबाई शेजारच्या दांडी गावची. तीस वर्षं सावेंच्या दारात मासे आणणारी. शालू असताना निम्मा तास भाव करण्यात जायचा. आता आत्मारामभाऊ भाव करतच नसत, आणि त्याचं काशीबाईला फार वाईट वाटे. टोपली उतरवून ती म्हणाली, "आत्मारामभाव, येवडं तोंड का पाडून बसलाव? आमचा भाचा हाय ना, धीरज. शिमग्याला आलाय. उद्या परत चाललाय, त्या पासीघाटला. पुलाच्या कामाव हाय थय. पेटी द्या त्याच्याकडं."

पासीघाट! आत्मारामभाऊ ताडकन उठले. पासीघाट म्हणजे तेच बेचाळीस मिनिटांचं टोक. कपाटातून जुनं डिस्पॅच रजिस्टर निघालं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना घड्याळ दिलं होतं. रजिस्टर मात्र त्यांनी आपणहून आणलं होतं, कोरं होतं म्हणून. रकाने आखलेलेच होते. निघाली, पोहोचली, उशीर, उशिराचं कारण. त्यांनी मांडणी केली. रविवारी धीरज मुंबईहून निघणार, सोमवारी संध्याकाळी पासीघाट. मंगळवारी सकाळी विमानात पेटी, बेचाळीस मिनिटं, मेचुका. बुधवारी चिकू मऊ व्हायला लागेल, गुरुवारी बरोब्बर खायला. ज्याची वाडी आहे त्याला हे सांगायला नको. चिकू झाडावर पिकवत नाहीत. कडक काढायचा आणि पाचव्या दिवशी खायचा. कुठल्या दिवशी तोंडात जायचा ते ठरवून कुठल्या दिवशी काढायचा, ही खरी विद्या, आणि आत्मारामभाऊंकडे ती दोन्हीकडून आलेली, वाडीकडूनही आणि डिस्पॅचकडूनही.

झाडावर झिपरू चढला. वीस वर्षं सावेंच्या वाडीत चिकू काढणारा माणूस. तो जाळीच्या काठीने एकेक फळ उतरवी, नखाने साल खरवडून आतला रंग बघे आणि मग खाली सोडी.

"काका," तो वरून म्हणाला, "जरा अजून कच्ची काढू काय? लांब जायचीत."

"लांब नाही रे. बेचाळीस मिनिटं."

झिपरूने आणखी एक फळ खरवडून बघितलं. मग म्हणाला, "समिधाबाय तर तीन दिसांनी आली ती."

"तू पायाखाली बघ. फांदी मोडेल."

ऐंशी चिकू निघाले. धुतले, पुसले, देठाचा चीक वाळवला, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळला, थरांमधे भाताचा पेंढा घातला. पेटीवर समिधाचं नाव आणि बँकेचा पत्ता, आणि चारही बाजूंना जाड मार्करने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला, मराठी, हिंदी, इंग्रजीत. हा डिस्पॅचचा पहिला नियम. माल हरवला तरी माणूस सापडला पाहिजे.

रविवारी संध्याकाळी विमानतळावरून धीरजचा फोन आला. "काका, पेटी उघडायला लावली. वासाची तक्रार हाय म्हणतात."

"चिकूला कसला वास?"

"चिकूला नाय काका. आत्याने तळाशी सुके बोंबील घातलेत."

काशीबाईने पोरीला तिकडे सुकं कुठलं मिळायला, या काळजीने अर्धा किलो बोंबील पेंढ्याखाली दडपले होते. आता तिथले लोक म्हणत होते, बोंबील जातील नाहीतर पेटी. धीरजने बाहेर जाऊन बोंबील त्याला सोडायला आलेल्या रिक्षावाल्यालाच दिले, तो विरारचा निघाला, त्याने डोळ्यांत पाणी आणून आशीर्वाद दिले, आणि पेटी पुन्हा चिकटपट्टी लावून आत गेली. आत्मारामभाऊंनी रजिस्टरात लिहिलं. उशीर, चाळीस मिनिटं. कारण, काशीबाई.

सोमवारी धीरज गुवाहाटीत. पुढचं विमान रोज नसतं, सोमवारी तर नसतंच. त्याने बस धरली. मंगळवारी रात्री पासीघाट. उशीर, अठ्ठावीस तास. कारण, धीरज. आधी नीट चौकशी करायला नको? आत्मारामभाऊंनी हे त्याला सुनावलंसुद्धा. पोरगं बिचारं एवढा वेळ बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन आलेलं, "हो काका," म्हणालं.

"जाऊ दे," आत्मारामभाऊ म्हणाले, "अजून वेळ आहे. आता उद्या सकाळी त्या मेचुकाच्या विमानात टाकून दे. बेचाळीस मिनिटांचं काम."

"कुठलं विमान, काका?"

"पासीघाट-मेचुका."

"काका, असं विमान नाय."

"उद्या नसेल, परवा असेल."

"परवा पण नाय. कधीच नाय. मी विचारलं हितं सगळ्यांना. मेचुकाला विमानतळ हाय, हितं पण हाय, पण हितून तिथं कोण उडत नाय. गाडीने जातात. दोन दिवस. डोंगर कोसळला तर जितके लागतील तितके."

"अरे पण पानावर आहे!"

"पानाव हाय काका," धीरज म्हणाला, "आकाशात नाय."

आत्मारामभाऊंना हे पटणं शक्य नव्हतं. छापील गोष्ट आहे, इतक्या जगाला दिसते आहे, खोटी कशी असेल? आणि खोटी असेल तर तक्रार केली पाहिजे. असं पत्र लिहितो म्हणाले, की लक्षात राहील! बुधवारी सकाळी दोन्ही कप चहा पिऊन ते बसले. पत्र झालं दीड पानाचं, इंग्रजीत, 'विथ रेफरन्स टू युवर पेज' पासून सुरुवात. आता धाडायचं कुठे? पत्ता पानाच्या तळाशी असणार. त्यांनी मोबाइलवर बोट फिरवत पान खाली नेलं. आणखी खाली. जाहिराती गेल्या, हॉटेलं गेली, आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन ओळी आल्या. ही वेळ सरळ रेषेतलं अंतर आणि सरासरी वेग धरून काढलेली आहे. या दोन ठिकाणांमधे प्रत्यक्ष विमानसेवा असेलच असं नाही.

चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग ते उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी तिला या पानाचा वरचा अर्धा भाग दाखवला होता. खालपर्यंत गेलेच नव्हते. एकतीस वर्षांत एकाही चलनावर तळाची ओळ वाचल्याशिवाय सही केली नव्हती, आणि पोटच्या पोरीवर मात्र केली. त्या दिवशी कुकर लावला नाही. भूकच नव्हती.

पण पेटी निघालेली होती, आणि निघालेला माल अर्ध्यात सोडायचा नसतो. बुधवारी दुपारी धीरजने ती मेचुकाच्या सुमोवर चढवली. ड्रायव्हरचं नाव दोरजी. गुरुवारी वाढदिवस. आत्मारामभाऊंनी फोन केला, "अनेक शुभेच्छा." समिधा म्हणाली, "थँक्यू बाबा." पेटीबद्दल बोलायचं नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि त्या ओळींबद्दल बोलायचं कसं ते कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "इकडे पाऊस सुरू झालाय." हे म्हणाले, "जपून." झाला वाढदिवस.

शुक्रवारपासून मात्र गंमत सुरू झाली. फोन वाजायला लागला. पेटीच्या चारही बाजूंना नंबर होता ना! पहिला फोन एका चहावालीचा. "अंकल, आगे पहाड गिरा है. दोरजी आपका डिब्बा मेरे दुकान में रखके गया. बहोत अच्छा महक रहा है. क्या है?" आत्मारामभाऊंनी आपल्या तारापूरच्या हिंदीत चिकू समजावून सांगितला. तिकडे चिकू कुणी पाहिलेला नव्हता. "अंगूठे से दबाके देखो. दबा तो खा लेने का, नहीं दबा तो आगे भेजने का." अर्ध्या तासाने तिचाच फोन, सगळ्या दुकानाने आठ खाल्ले, फार गोड, बिया फेकायच्या की पेरायच्या? शनिवारी रस्ता साफ करणाऱ्या बुलडोझरवाल्याचा फोन. तो बिहारचा, त्याला चिकू ठाऊक होता, तो गाव आठवून रडवेला झाला, त्याला त्यांनी चार दिले. मग एका जवानाचा, अख्ख्या तुकडीने मिळून खाल्ले म्हणून. मग पुन्हा चहावालीचा, मुलाला ताप आहे, चिकू चालेल का? नको, पेज दे, आत्मारामभाऊ म्हणाले, आणि संध्याकाळी आपणहून फोन करून ताप उतरला का ते विचारलं.

नऊ महिन्यांत एवढं ते कुणाशी बोलले नव्हते. काशीबाई रोज टोपली टेकवून विचारी, "पोचला काय वो डबा?" आणि हे दरडींची नावं सांगत. रजिस्टर भरत चाललं होतं. फक्त कारणाच्या रकान्यात आता माणसांची नावं येत नव्हती. दरड. पाऊस. पूल वाहून गेला. पुन्हा दरड. रविवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, समिधाचा फोन आला नाही. दरडीत तार तुटली असणार, हे आता त्यांना नकाशाशिवाय कळत होतं. तरी दहापर्यंत मोबाइल मांडीवर घेऊन बसून राहिले.

सोमवारी दोरजीचा फोन. दरड अजून तशीच, पण पेटी पाठीवर बांधून चिखलातून एकजण पलीकडे गेला, आता पलीकडून दुसरी गाडी. "अंकल, ये जो डिब्बे पे लिखा है, बँकवाली समिधा मॅडम, वो आपका बेटी है?"

"हां."

"मॅडम को पहचानता हूँ. पिछले साल बारिश में यहीं छोडा था उनको. आगे रास्ता नहीं था. मैं बोला वापस चलो. मॅडम नहीं माना. इधर से पैदल गया."

आत्मारामभाऊंनी "अच्छा" म्हटलं. फोन ठेवला. मग चहा टाकला. दोन कप टाकला आणि दोन्ही तसेच गार झाले.

बुधवारी, अकराव्या दिवशी, निरोप आला. डिब्बा मॅडम को दे दिया. आणि मग फोन वाजायचा थांबला. चहावाली नाही, जवान नाही, कुणी नाही. घर पुन्हा होतं तसं झालं. आत्मारामभाऊ व्हरांड्यात बसले. झिपरू मागे पालापाचोळा गोळा करत होता, त्याला त्यांनी उगाच दोनदा हाक मारली, आणि तो आल्यावर काही नाही म्हणून सांगितलं.

पाच वाजता फोन वाजला. समिधा. बुधवार असून!

"बाबा, पेटी आली." ती हसत होती की काय, कळत नव्हतं. "सहा उरलेत. त्यातले पाच गेलेत. एक खाल्ला. आपल्या मागच्या झाडाचा ना?"

"मागच्याच." बोलायचं ते आठवडाभर मनात घोळवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "अकरा दिवस लागले गं."

"हो बाबा."

तेच दोन शब्द. बाराव्या दिवशीचे.

"त्या पानाच्या खाली लिहिलेलं होतं, समिधा. असं विमानच नाही म्हणून. मी खालपर्यंत वाचलं नाही. तुला चारचौघांत बोललो. चुकलो मी." मग त्यांनी विचारलं, "माझी पेटी अकरा दिवसांत पोचली. तू तीन दिवसांत कशी आलीस गं?"



"चालत, बाबा. बरंचसं चालत."

"थांब," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी रजिस्टर आणलं, चष्मा लावला. "हं, पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. मंगळवारी नऊला दोरजीच्या सुमोतून निघाले. साडेअकराला दरड. तिथून चौदा किलोमीटर पायी. चिखलात एक चप्पल गेली, एका म्हातारीने स्वतःची काढून दिली. रात्री मधल्या गावात. बुधवारी पासीघाट, विमान रद्द, मिळेल त्या गाडीने दिब्रुगड. गुरुवारी कोलकात्याला पोचले तर पुढचं विमान सुटलेलं. रात्र तिथेच फरशीवर. "आईला ठेवलं असेल असं वाटत होतं बाबा. शेवटपर्यंत वाटत होतं." आणि ती रडायला लागली, आणि इकडे हेही. नऊ महिन्यांपूर्वी दोघांनी मिळून रडायचं होतं ते आता रडले. झिपरू खराटा घेऊन दारापर्यंत आला होता, तो तसाच मागे फिरला.

दहा मिनिटं उलटून गेली होती. तास उलटला. शेवटी तिने विचारलं, "बाबा, झाडावर अजून आहेत का चिकू?"

"आहेत की. वरच्या फांद्यांना हातच लावलेला नाही."

"मग काढू नका. मी रजा टाकते. वैशाखात येते."

"ये. किती दिवस लागतील ते लागू देत," आत्मारामभाऊ म्हणाले. "मी कुणाला वेळ सांगणार नाही."

फोन ठेवून त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. समिधा सावे. मेचुका ते तारापूर. निघाली, मंगळवार, सकाळी नऊ. पोहोचली, शुक्रवार, दुपारी बारा. पुढचा रकाना उशिराचा. तिथे त्यांनी थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं, आणि मग आपल्या डिस्पॅचच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, नाही.